दागिने घालून सायकल मागायला

माझ्या पाठीला बायचं वजन अजून आठवतं. ती जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी थंडीच्या दिवसांत सकाळी ओट्यावर उभा राहिलो की मी आपोआप थोडा वाकतो. सुना म्हणतात, म्हातारा कमरेतनं गेला. म्हणू देत. कंबर ठणठणीत आहे माझी. पाठीला सवय लागलेली असते, ती सुटत नाही, एवढंच.

बाय म्हणजे माझी थोरली बहीण. लहानपणी तिला ताप आला, आणि उतरताना तो तिचे पाय घेऊन गेला. एक पाय वाळक्या काठीसारखा. दुसरा दिसायला बरा, पण त्यात जीव नाही. घरात आणि अंगणात ती हातांवर चालायची. बुडाखाली गोणपाट, दोन्ही तळहात भुईवर टेकायचे, आणि सर्र करून पुढं. सारवलेल्या अंगणात त्याचा आवाज यायचा, सुपात तांदूळ हलवल्यासारखा. पहाटे तो आवाज आला की मला कळायचं, बाय उठली, आता चूल पेटेल. कधीकधी वाटतं, माझ्या आयुष्यातल्या सगळ्या सकाळी त्याच आवाजानं झाल्या.

अंगणाच्या पलीकडं मात्र माझी पाठ. नदीवर न्यायचं तर मी, लग्नाला न्यायचं तर मी. आमच्या लोकांनी धम्म घेतला त्या सभेला मी मिसरूड फुटलेला पोरगा होतो, तिला पाठुंगळी घेऊन गेलो होतो. एवढी गर्दी, सगळे पांढऱ्या कपड्यांत, आणि माझ्या खांद्यावरून तिचा श्वास. "मला सगळ्यांच्या वरनं दिसतंय रं," ती कानात म्हणाली होती. वाडीत तिला लंगडी म्हणायची कुणाची टाप नव्हती. एकानं म्हटलं होतं, त्याचा पुढचा दात बघा म्हणजे कळेल. आता तोही नाही, दातही नाही.

बाय गोधड्या शिवायची. जुनी लुगडी, धोतरं, पोरांचे फाटके सदरे, सगळं एकावर एक घालून असा बारीक धावदोरा घालायची की गोधडीवर लाटा उठल्यासारख्या दिसायच्या. कडावच्या बाजारात त्या मी न्यायचो, किंवा शेजारची कुणी न्यायची. संध्याकाळी परत आलो की तिचं विचारणं ठरलेलं.

"कुनी घेतली?"

"घेतली एका बाईनं."

"कशी व्हती?"

"कशी म्हंजे? बाईसारखी बाई."

"मेल्या, तुला बाई सांगता येत नाय धड. म्हातारी व्हती का लेकुरवाळी? उलटी करून बघितली का नाय? धागा वढून बघितला?"

मी काय सांगणार. गोधडी दिली, पैसे घेतले, झालं. पण तिला तेच हवं असायचं. रात्रंदिवस मांडीवर घेतलेली वस्तू कुणाच्या अंगावर जाते, हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. एकदा नेली होती मी तिला बाजारात. ती एका गिऱ्हाइकाशी भावावरून अशी रंगात आली होती की काय सांगू. ती बाई उठून जायची, चार पावलं जाऊन परत यायची, बाय मान फिरवायची. पण इकडं ऊन चढलं होतं आणि मळणीला बैल त्या दिवशी माझ्या वाटणीला आले होते. मी आलो, वाकलो आणि तिला उचललं. गिऱ्हाईक बघत राहिलं. घर येईपर्यंत बाय बोलली नाही. घरी आल्यावरही बरेच दिवस नाही. शेवटी बोलली ती एवढंच, "मला तुझी पाठ नको. मला माझं जानं पायजे."

मळणी थांबत नाही कुणासाठी. मी काय चुकलो, ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आता कळून घ्यायचंही नाही. पण ते वाक्य मात्र घरात राहिलं. सांजेला दिवा लावला की मला ते कोपऱ्यात बसलेलं दिसायचं.

अशात ग्रामसेवक आमच्या वाडीत आला. सत्तर संपून ऐंशी लागलं, त्या सुमाराची गोष्ट. वाल फुलावर होते. तो ओट्याच्या कडेला टेकला आणि बायला म्हणाला, "आक्का, सरकारनं आता कायद्यातच घातलंय. ज्यांना पाय नाहीत त्यांना तीन चाकांची सायकल. हातानं फिरवायची. कर्जतला शाळेच्या पटांगणात वाटप आहे."

बायचे हात शिवता शिवता थांबले. "म्हंजे माझी माझी चालवायची?"

"तुमची तुम्ही."

मग तो माझ्याकडं वळला आणि आवाज उतरवून म्हणाला, "पण लवकर या. त्याच कायद्यात खाली एक वाक्य आहे. जेवढा निधी हाताशी असेल, तेवढ्यातच करायचं. म्हणजे मिळेलच असं नाही."

कायदा होता की ठराव होता, मला ठाऊक नाही. मी दुसरीतनं शाळा सोडलेला माणूस; मास्तरनं कान पिरगळला, मी उठलो तो परत गेलो नाही. पण त्या खालच्या वाक्यावर मी पुढं पुष्कळ दिवस विचार केला. वरचं वाक्य लिहिताना लिहिणाऱ्याला बायसारखं कुणीतरी दिसलं असणार, गोणपाटावर सरकणारं. खालचं लिहिताना तिजोरी दिसली असणार. माणूस तोच, हातही तोच. वर दार उघडलं, खाली कडी घातली.

संध्याकाळी वाडी विहारासमोर जमली. आमच्यात कुठलीही गोष्ट अशी सगळ्यांत बसूनच ठरायची. वाडीतला सगळ्यात जुना म्हातारा, ज्याला आम्ही सगळे बाबा म्हणायचो, तो आधी बोलला. "धम्म घेतला तवा काय ठरलं व्हतं? मेलेलं ढोर वढायचं नाय आन् दारोदार भाकरी मागायची नाय. हात पसरायचा नाय कुनाम्होरं. आता ह्ये सायकल मागाया जानार?"

"ती भाकरी हाय का, बाबा?" बाय माझ्या पाठीमागून म्हणाली. "शिळी झाली म्हनून देतात का?"

लोक हसले. बाबाही हसला, पण मान हलवत राहिला. कुणी म्हणालं, हा हक्क आहे. कुणी म्हणालं, हक्क असला तरी देणारा टेबलामागं बसणार आणि आपण पुढं उभं राहणार, दिसायला सारखंच. बोलणं वाढत गेलं. धुरकट उजेड होता, पोरं आयांच्या मांडीवर पेंगली होती. मला वाटलं, आता हे असंच विरणार. तेवढ्यात आमच्या शेजारची विधवा उठली. तिच्या कानांत सोन्याच्या कुड्या होत्या, वाडीतलं जवळजवळ सगळं सोनं तेवढंच म्हणा ना.

"हक्क हाय ना? मंग हक्कासारखं जायचं," ती म्हणाली. "वाळल्या तोंडानं, फाटल्या लुगड्यानं गेलो तर म्हनतील, आले मागाया. बाय गेली पायजे ती अशी, का टेबलामागचा उठून उभा राह्यला पायजे." आणि तिथल्या तिथं तिनं कुड्या काढून बायच्या ओटीत घातल्या.

मग काय. कुणी लग्नाला जायचं झालं की आमच्यात घराघरातनं एकेक डाग, म्हणजे दागिना, यायचा, ती रीतच होती. वाडीचं माणूस बाहेर चाललं की वाडीची शोभा घेऊन चाललं पाहिजे. तसंच झालं. बोरमाळ आली. चांदीचा कमरपट्टा आला, त्याचा फासा जरा सैल होता, तो सुतानं बांधला. मोहोपाड्याच्या कारखान्यात लागलेल्या माझ्या पुतण्यानं मनगटावरचं घड्याळ काढून दिलं. ते बायला होईना. हातांवर चालून तिची मनगटं गड्यासारखी झालेली. मग घड्याळाच्या पट्ट्याला आणखी एक भोक पाडलं. नेसायचं पातळही एका घरातनं आलं, टेरिलीनचं, नवं, घडी न मोडलेलं.

त्या रात्री तो म्हातारा बाबाच तिच्याकडं बघून म्हणाला, "आता कोन म्हनंल मागाया आले म्हनून." मलाही छाती भरून आल्यासारखं झालं. कुणी हसलं तर हसू दे. आजही म्हणतो, ते बरोबर होतं.

उजाडायच्या आधी गाडी जुंपली. एसटीत तिला उचलून चढवायचं, लोकांनी सरका सरका म्हणायचं, ते नको होतं. आणि दागिना चालला म्हणजे दागिन्याची मालकीणही चालली, तेव्हा गाडीत बायांचीच गर्दी. मी पुढं, बैलांच्या शेपटीशी.

ती वाट मला पुष्कळदा दिसते, झोपेत. धुकं असं की बैलांची शिंगं तेवढी दिसत होती, आणि ती कुणीतरी पाण्यात धरून चालवल्यासारखी. दोन्ही बाजूंना वालाच्या फुलांचा वास. मागनं कमरपट्ट्याच्या घुंगरांचा बारीक आवाज, चाकं दगडावरनं गेली की जास्त, मऊ मातीतनं गेली की कमी. माथेरानचा डोंगर पुढं नुसता एक काळा ढग. मध्येच बाय म्हणाली, "ह्ये घड्याळ चालतंय का माझं काळीज?" तिनं मनगट कानाशी धरलं होतं. मग एकेक करून सगळ्यांनी तिच्या मनगटाला कान लावला. मी मागं वळून बघितलं, तर धुक्यात सगळ्या बाया एका हातावर डोकी टेकवून बसल्या होत्या, जणू तो हात काहीतरी सांगतोय.

कर्जतला उतरलो तेव्हा ऊन पडलं होतं. पटांगणात मांडव. मांडवाच्या कडेला सायकली एका रांगेत, हिरव्या, मुठींवर अजून कागद गुंडाळलेला, नव्या रंगाचा वास येणाऱ्या. आमच्या ओट्यावर मावल्या असत्या एवढ्याच. आणि माणसं? कळंबकडची, खालापूरकडची, घाटाखालची. कुबड्यांवरची, पाटावर बसवून आणलेली, बापाच्या कडेवरची थोराड पोरं. एक आंधळा म्हातारा रांगेतली पहिली सायकल हातानं चाचपत होता. त्याला चाक सापडलं, त्यानं ते हलकंच फिरवलं आणि फिरतंय तोवर तोंड वर करून ऐकत राहिला. त्याला सायकलीचा उपयोग नव्हता. कुणी हटकलंही नाही.

तिथंच आमच्या गावचे तात्या भेटले. वाडीच्या वर गाव, आणि गावात त्यांचं घर सगळ्यात मोठं, कौलारू, दारात दोन गाड्या, भाताची कणगी कधी तळाला न गेलेली. त्यांचा मधला मुलगा पायांनी अधू होता. पंचविशीतला, हुशार तोंडाचा. त्याला आम्ही क्वचितच बघायचो, कारण ते त्याला घरातच ठेवत. आज तो फाटक्या घोंगडीत गुंडाळून बसवला होता. आणि तात्यांच्या अंगात बनियन, त्याला एवढी भोकं की अंगात घातलं की अंगावर टाकलं ते कळेना. ते बनियन माझ्या ओळखीचं होतं. त्यांच्या गड्याचं होतं. गड्याला त्या दिवशी नवा सदरा मिळाला असणार.

आम्ही एकमेकांना बघितलं, आणि दोघांनीही बघितलं नाही असं केलं.

बायला हाक आली. मी तिला पाठीवरनं नेऊन खुर्चीत बसवलं. मागं आमच्या बाया ओळीनं उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी पाय दाबून बघितले, लाकडी हातोडीनं ठोकून बघितले आणि मान डोलावली. पाय नाहीत, याला डॉक्टर राजी होते. मग साहेब. साहेब माणूस वाईट नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो. थकलेला होता, समोरचा चहा गार झाला होता. त्यानं बायकडं बघितलं. कुड्या बघितल्या, बोरमाळ बघितली, मग कमरपट्टा, मग घड्याळ.

"घरचं कसं काय?" त्यानं मला विचारलं.

"झकास," मी म्हणालो. "कुनाम्होरं हात पसरावा लागत नाय."

"दिसतंय," साहेब म्हणाला. जरा थांबून म्हणाला, "असं आहे बघा, गाड्या एवढ्याच आल्यात. नियमच तसा आहे, जेवढं हाताशी आहे तेवढ्यात बसवायचं. मग ज्यांचं अगदीच काही नाही, त्यांना आधी. तुमचं देवदयेनं बरं आहे."

"देवाचा काय संबंध नाय साहेब," मी म्हणालो.

बाय माझ्याकडं बघत होती. माझ्या मागं कुड्यांची मालकीण खोकली. नुसतं म्हणायचं होतं, साहेब, हे उसनं आहे. एवढंच. पण ज्या बायांनी पेटीच्या तळातनं काढून दिलं, त्या श्वास धरून मागं उभ्या असताना मी ते म्हणायचं? गाडीभर शोभा घेऊन आलो, ती पटांगणात उतरवून ठेवायची? माझी जीभ वळली नाही. वळणारही नव्हती.

"कायद्यात माझी बहीन हाय का नाय?" मी विचारलं.

"आहे ना. त्यांचं नाव लिहून घेतो, पुढच्या वर्षी बघू."

"मंग सायकल?"

"सायकल नाही."

"साहेब, आमच्यात लग्नाला आमटी कमी पडली तर पानी वाढवतात. सगळ्यांना पातळ मिळती. पंगतीतनं मानूस उठवत नाय."

साहेबानं गार चहाचा कप उचलला, परत ठेवला. "काका," तो म्हणाला, "सायकलीत पाणी कसं घालू?"

अख्खा मांडव हसला. डॉक्टर हसले, रांगेतले कुबड्यावाले हसले. आणि सगळ्यात मोठ्यानं बाय हसली, बोरमाळ हलेस्तोवर. मला राग आला तो तिचाच. पुढचं वर्ष, आत्ताच सांगून टाकतो, कधी आलं नाही. एका साली सायकली दुसऱ्या तालुक्याला गेल्या, एका साली आल्याच नाहीत, मग तो साहेब बदलला.

तात्यांच्या मुलाला सायकल मिळाली. तात्यांनी साहेबाला हात जोडले, डोळ्यांत पाणी आणलं. ते पाणी खरं असेल, मी काही म्हणत नाही. मुलगा तर खराच होता. मी साहेबाला एक शब्द बोललो नाही. चुगली करायची आमच्या घरात रीत नाही. मी बायला पाठीवर घेतलं आणि गाडीकडं निघालो. पटांगणाच्या कोपऱ्यात आंब्याखाली तात्या सायकल ढकलत आले, मुलगा तिच्यावर बसलेला, मुठींवरचा कागद फाडत.

"तात्या," माझ्या पाठीवरनं आवाज गेला. "बनियन बरं शोधलंत. वारा खेळता राहत असंल."

तात्या थबकले. त्यांनी आधी मांडवाकडं बघितलं. पहिल्यांदा मुलगाच हसला.

"काय बोलायचं त्ये नीट बोल बाय," तात्या म्हणाले.

"नीटच बोलते. तुमी गड्याचं घालून आलात, आमी शेजारनीचं घालून आलो. तुमाला पावलं, आमाला नाय. कुनाला सांगनार नाय मी. फकस्त बाजाराच्या दिवशी सायकल माझी. बाकी सगळे दिस तुमची."

"सायकल काय बैल हाय, आज तुझ्याकडं उद्या माझ्याकडं?"

"नांगराला बैल एकमेकाचा घेतोच की आपन. तो तर श्वास घेनारा जीव. ह्ये लोखंड हाय."

"बाय, गप," मी म्हणालो. "ह्ये मागनंच झालं."

"मागितलं मी. तू नाय मागितलंस. तू आपला चाल."

तात्या सायकलीकडं बघायला लागले. त्यांच्या मनात काय चाललं असेल ते मला दिसत होतं. गावच्या वरच्या आळीत आमचं माणूस तेव्हा ओट्याच्या खाली बसायचं, आणि इथं तर एका बैठकीवर बसायचा प्रश्न होता. तेवढ्यात मुलगा म्हणाला, "द्या तात्या. नायतर जातो आत, आन् सांगतो सायबाला का माझा नवा सदरा घरी खुंटीला हाय."

तात्यांनी डोकं खाजवलं. "बघू," म्हणाले.

परतीच्या वाटेला बायनं गाडीतच सगळे डाग उतरवले आणि ज्याचे त्याला दिले. बाया तिचं सांत्वन करायला बघत होत्या, पण ती ऐकत नव्हती. "त्याची साखळी कशी व्हती बघितलीस का?" ती मला म्हणाली. "हात वर केला का पुढं जाती." तिचे हात हवेत काहीतरी फिरवत होते. माझं तोंड बैलांकडं होतं. सावल्या लांब झाल्या होत्या आणि आमच्या सावलीत मला दिसत होतं, गाडीत एक बाई बसलीय आणि तिचे हात चाकासारखे गोल चाललेत.

पहिल्या बाजाराच्या दिवशी बाय पहाटेच तयार होऊन ओट्यावर बसली. गोधड्यांचं गाठोडं बांधलेलं. ऊन आलं, ऊन गेलं. वरच्या आळीतनं निरोप आला, चाक पंक्चर झालंय. पुढच्या बाजाराला निरोपही आला नाही. मी म्हणालो, "मी सांगितलं व्हतं. चल, पाठीवर नेतो."

"नको," ती म्हणाली.

"मंग दे, मी विकून येतो."

"नको."

त्या आठवड्यात तिनं टाका घातला नाही. गोणपाटावर बसून राहायची, दोरा सुईत तसाच. सकाळचा तो सरकण्याचा आवाजही कमी झाला. घरात कुणी आजारी असावं तसं मी हळू चालायचो, आणि मला माझाच राग यायचा की आपण हळू का चालतोय.

आणि त्याच्या पुढच्या बाजाराला, धुकं अजून वालाच्या वेलांवर होतं, तेव्हा घंटीचा आवाज आला. वाडीतली कुत्री भुंकली. उतारावरनं तात्यांचा मुलगा एकटाच येत होता, हात गरागरा फिरवत, केस उडत, अंगात तोच नवा सदरा. मागं वर, गावाच्या कडेला तात्या उभे राहून ओरडत होते, काय ते कळत नव्हतं. वरच्या आळीतलं कुणी कारणाशिवाय आमच्या वाडीत येत नसे. तो सरळ आमच्या अंगणात शिरला आणि ओट्याला सायकल लावली.

"मावशी, उतरून कुठं बसू?" त्यानं विचारलं.

हा विचार आमच्यापैकी कुणीच केला नव्हता. सायकल दिली म्हणजे तो जिथं उतरेल तिथंच बसणार, ती परत येईपर्यंत.

"माझ्या जागेवर बस की," बाय म्हणाली.

तो हातांवर ओट्यावर सरकला. मी बायला उचलायला वाकलो. "लांब हो," ती म्हणाली. ओट्याच्या कडेशी आली, एक हात सायकलीच्या पाठीला, एक बैठकीला, आणि अंग असं झोकून दिलं की सायकल हलली, मला वाटलं पालथी होते. नाही झाली. गाठोडं मांडीवर घेतलं. त्यानं तिला दोन गोष्टी सांगितल्या, वळताना काय करायचं, उताराला काय करायचं. मग ती गेली. अंगणाबाहेर पडताना चाक दगडावर चढलं, उतरलं, आणि ती धुक्यात शिरली. थोडा वेळ घंटी ऐकू येत होती. विनाकारण वाजवत होती ती, वाटेत माणूस नव्हतं.

माझी बायको दारात उभी. चहा द्यावा की न द्यावा, घेतला नाही तर आपली शोभा होईल. तिनं माझ्याकडं बघितलं. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "मामी, चाय असंल तर द्या. अंग गारठलंय." प्याला. मग भाकरी आणि वालाची भाजीही मागून घेतली. मला मागणारा माणूस आवडत नाही, पण त्याचं मागणं लागलं नाही मनाला.

दुपारी मला राहवेना. बायकोला म्हटलं, याच्याकडं बघ, आणि कडावची वाट धरली. बाजाराच्या टोकाला चिंचेखाली ती बसली होती, सायकलीवरच, गोधडी पुढं पसरून. एक म्हातारी धागा ओढून बघत होती. मी जरा आडोशाला उभा राहिलो, बघावं म्हणून. बायनं मान वर केली. मला बघितलं. आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडली, "ओ गिऱ्हाईक! घ्यायची नसंल तर पुढं व्हा! उन्हाला अडताय!"

लोक माझ्याकडं वळून बघायला लागले. मी पुढं झालो. पुढं म्हणजे सरळ घराकडं. ती वाट मी कित्येकदा चाललो असेन, पण पाठीवर काही नसताना ती अशी वाटते हे ठाऊक नव्हतं. पावलं नीट पडत नव्हती, वाऱ्यानं ढकलल्यासारखी कुठंही पडत होती.

घरी आलो तर तात्यांचा मुलगा भिंतीला टेकून बसला होता, वाडीची पोरं त्याच्याभोवती. "काय झालं? विकली?" त्यानं विचारलं.

"ठाव नाय. हाकललं मला तिनं."

तो एवढा हसला की पोरंही न कळता हसायला लागली. मी त्याच्या शेजारी टेकलो. ऊन अंगणातनं सरकत कुंपणाशी गेलं, मग कुंपणावर चढलं. बाजारातनं परतणारी माणसं वरच्या रस्त्यानं जायला लागली. डोकी, टोपल्या, एक बकरी. घंटी नव्हती.

"लई उशीर लावला," मी म्हणालो. "तुझे घरचे वाट बघत असतील. चल, तुला पाठीवर सोडतो."

"लावू द्या उशीर," तो पाय हातानं उचलून नीट ठेवत म्हणाला. "मला कुठं जायचंय."

मी आत हाक मारली आणि चहाला परत आधण ठेवायला सांगितलं.